पाचव्यांदा रंगवलेला पॅलाडिन आणि वाट बघणारे बाकीचे सतरा

ताई नमस्कार, मी डोंबिवलीचा, वय २६. आमचा सहा जणांचा ग्रुप आहे, पाच प्लेअर आणि एक डीएम (डंजन मास्टर, गोष्ट सांगणारा आणि राक्षस चालवणारा), तीन वर्षं झाली दर दुसऱ्या शनिवारी कुणाच्या तरी घरी डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, त्यात प्रत्येक प्लेअर एक कॅरेक्टर चालवतो. मार्चमध्ये मी जोशात सांगून बसलो की सगळ्यांच्या मिनी, म्हणजे मॅपवर ठेवायच्या छोट्या आकृत्या, मी रंगवतो. पाच प्लेअरच्या, १२ गॉब्लिन (छोटे राक्षस) आणि एक रेड ड्रॅगन, म्हणजे अठरा. आता गणपती तोंडावर आलेत आणि माझा फक्त एक पॅलाडिन (धर्मयोद्धा) धरलेला आहे, तो पाच वेळा रंगवला तरी मनासारखा होत नाही, चेहरा मेणाच्या बाहुलीसारखा सपाट झालाय. मध्ये एका मित्राचा बार्बेरियन अर्धा करून त्याला दाखवला, तो काहीच बोलला नाही आणि पुढच्या सेशनला बॅगेतून रंग न दिलेली दुसरीच मिनी काढून मॅपवर ठेवली. ते फार लागलं. आमचा डीएम दिवाळी झाली की नोकरीसाठी जर्मनीला चाललाय, दिवाळीनंतरचं सेशन शेवटचं, ड्रॅगनशी लढाई. व्हिडिओत लोक काय काय करतात आणि माझ्याकडून दोन डोळे सरळ येत नाहीत. ग्रुपवर सांगून टाकू का की नाही होणार माझ्याच्याने?

*

नाही रे, सांगू नकोस, होतंय. आधी हिशोब कर. दिवाळीनंतरच्या शनिवारपर्यंत तुझ्याकडे साधारण दहा आठवडे आहेत, त्यातले गणपतीचे आणि दसऱ्याचे काही दिवस सोडून दे, तरी आठवड्यातून पाच रात्री पाऊण पाऊण तास बसलास तर तीसेक तास हातात येतात. बारा गॉब्लिनना मिळून सात-आठ तास, प्लेअरच्या पाच मिनींना प्रत्येकी तीन, ड्रॅगनला सहा-सात. बसतंय ना? फक्त आत्ता तू जसं करतोयस तसं केलंस तर नाही बसणार, कारण तू अठरा मिनी रंगवायला घेतल्याच नाहीयेस, एकच घेतलायस आणि त्याच्यावर बाकीच्या सतरांचा वेळ घालवतोयस.

आता एक काम कर. तुझा पॅलाडिन टेबलावर ठेव, खुर्चीत मागे टेकून बस, आणि बघ. तुझ्यात आणि त्याच्यात जेवढं अंतर आहे, अडीच-तीन फूट, तेवढ्यावरूनच तुमचे सगळे लोक त्याला बघणार आहेत. तेही मधे वेफर्सचा बाऊल आणि चार जणांचे हात असताना. मॅपवरचा एक इंचाचा चौकोन म्हणजे गेममधले पाच फूट, त्या चौकोनात उभा असलेला माणूस जेमतेम तीन सेंटिमीटरचा, त्याचा डोळा एक मिलिमीटरपेक्षा लहान. तू व्हिडिओत जे बघतोस ते स्क्रीनवर हाताएवढं मोठं करून दाखवलेलं असतं, आणि त्यातलं बरंचसं काम टेबलासाठी केलेलंच नसतं. ती वेगळी कला आहे आणि मला तिच्याबद्दल प्रचंड आदर आहे, गेम्स वर्कशॉप या मिनी बनवणाऱ्या कंपनीची गोल्डन डेमन स्पर्धा १९८७ पासून चालू आहे, तिथे लोक एकेका आकृतीवर महिनोन् महिने काम करतात, पण ती मिनी काचेच्या कपाटात जाते. तुझी मिनी ड्रॅगनच्या तोंडात जाणार आहे. तिला काय यायला पाहिजे, तर तीन फुटांवरून बघणाऱ्याला अर्ध्या सेकंदात कळलं पाहिजे की ही आपली क्लेरिक (पुजारीण), हा रोग म्हणजे आपला चोर, आणि तो कोपऱ्यात लपलेला गॉब्लिन कुठला. एवढं जमलं की मिनी पूर्ण झाली असं समज आणि खाली ठेव.

मी हे फार उशिरा शिकले. आमच्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीसाठी मी ड्रुइड (निसर्गाची जादू करणारी) रंगवत होते, तिच्या हिरव्या झग्याच्या काठावर पानांची वेल काढली, एकेक पान तीन तीन छटांमध्ये, तीन महिने गेले. टेबलावर आली आणि दुसऱ्याच सेशनला ड्रुइड मेली. त्याचं मला आजही काही वाटत नाही, कॅरेक्टर मरतातच. वाईट वाटतं ते पुढच्याचं. मैत्रिणीने नवीन कॅरेक्टर आणलं, हाफलिंग बार्ड, म्हणजे बुटका गवय्या, आणि मी त्या वेलीवर इतकी दमले होते की ब्रशला हात लावावासा वाटेना, मग तो बार्ड चार सेशन कोल्ड्रिंकच्या बाटलीचं बूच म्हणून मॅपवर फिरला. चार सेशन! ती एकदाही काही बोलली नाही, स्वतःचा टर्न आला की ते लाल बूच उचलून पुढे ठेवायची. मला वेल आठवत नाही आता, बूच आठवतं. तेव्हापासून मी कॅम्पेनच्या, म्हणजे चालू खेळाच्या, वेगाने रंगवते.

आणि तसं बघायला गेलं तर हा खेळ सुरुवातीपासून असाच खेळलाय लोकांनी. डी अँड डी १९७४ साली छापलं गेलं, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन दोघांचं, अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावातून. त्या काळात राक्षसांच्या मिनी आतासारख्या कुठे मिळायच्या, तर गायगॅक्सने हाँगकाँगमध्ये बनलेल्या स्वस्त प्लॅस्टिकच्या प्राण्यांचं पाकीट आणलं, त्यातले प्राणी कुठल्याच खऱ्या जनावरासारखे नव्हते, आणि त्यातूनच आउलबेअर (घुबडाच्या डोक्याचं अस्वल) आणि रस्ट मॉन्स्टर (लोखंड गंजवणारा राक्षस) जन्माला आले. पन्नास वर्षं झाली, लोक अजून आउलबेअरला घाबरतात.

बरं आता कामाचं. पॅलाडिनचा चेहरा सपाट झालाय तो तुझ्या हातामुळे नाही, पाच थर रंगामुळे. डोळ्यांच्या खोबणी, ओठांमधली रेघ, बोटांमधल्या फटी सगळं बुजलंय, आता वरून कितीही चांगला रंग लावलास तरी तिथे काही दिसणार नाही कारण तिथे काही उरलंच नाहीये. तो रंग काढावा लागेल. घरात डेटॉल असेलच. पाणी न घालता नुसतं डेटॉल एका काचेच्या बरणीत घे, त्यात पॅलाडिन रात्रभर बुडवून झाकण लाव, सकाळी ग्लोव्हज घालून, खिडकी उघडून, जुन्या टूथब्रशने घास. महत्त्वाचं हे की घासतानाही डेटॉलमध्येच बुडवून घासायचं, रंग पूर्ण सुटल्याशिवाय पाण्याखाली धरायचं नाही, पाणी लागलं की सुटलेल्या रंगाचा चिकट राडा होतो आणि तो फटींमध्ये जाऊन बसतो. सगळं निघालं की मग भांड्यांच्या साबणाने धू. धातूची किंवा कडक प्लॅस्टिकची मिनी असेल तर बिनधास्त कर, मऊ वाकणारं प्लॅस्टिक असेल तर आधी बेसच्या, म्हणजे पायाखालच्या चकतीच्या, खालच्या बाजूला थोडं लावून एक तास थांब, आणि थ्रीडी प्रिंट केलेली रेझिनची असेल तर हा उपाय करूच नकोस, रेझिन खराब होऊ शकतं. त्या केसमध्ये पॅलाडिनला आहे तसा ठेव, वरून एक तपकिरी वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ गडद रंग, मार आणि पुढे चल, तुझंच कॅरेक्टर आहे, चालतंय.

मित्रांपैकी कुणी प्रिंट केलेल्या मिनी दिल्या असतील तर त्या हाताला चिकट लागतात का बघ. चिकट असतील तर त्या नीट धुतलेल्या किंवा क्युअर झालेल्या (यूव्ही उजेडात पूर्ण कडक झालेल्या) नाहीत, त्यावर रंग टिकणार नाही आणि तसं रेझिन उघड्या हाताने हाताळणंही चांगलं नाही, त्वचेला ॲलर्जी होते. ज्याने प्रिंट केलीय त्याच्याकडे परत दे आणि आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोल) धुऊन यूव्हीखाली ठेवायला सांग. बाकी प्लॅस्टिकच्या मिनी भांड्यांच्या साबणाने आणि टूथब्रशने एकदा धुऊन घे, साच्याचं तेल राहिलेलं असतं. वाकडा झालेला भाला किंवा तलवार गरम पाण्यात अर्धा मिनिट धर, बोटांनी सरळ कर, लगेच गार पाण्यात बुडव, राहते सरळ.

प्रायमर, म्हणजे रंगाच्या आधीचा अस्तराचा थर. तू पत्रात लिहिलं नाहीस पण पावसाळ्यात डोंबिवलीत स्प्रे मारत असशील तर थांब. हवेत ओल असली की स्प्रेचा प्रायमर खरखरीत बसतो, बारीक रवा टाकल्यासारखा, मी एकदा जुलैमध्ये गच्चीवर पाऊस थांबलाय बघून सहा मिनी एकदम मारल्या आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर दाणे आले, त्यातली एकच होती माझी, बाकी पाच लोकांच्या. ओलसर दिवसांत ब्रशने लावायचा प्रायमर वापर. व्हॅलेहोचा मिळतो, तो नसेल तर आर्टच्या दुकानातला जेसो थोडं पाणी घालून पातळ थरात लाव, ओला असताना जाड वाटतो पण सुकताना आक्रसून बसतो. आणि रात्रभर सुकू दे, हाताला कोरडा लागला म्हणून तासाभरात रंग सुरू करू नकोस. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की ड्रॅगनला स्प्रे मारता येईल, म्हणून ड्रॅगन शेवटी.

एक छोटी ट्रिक सांगते जी मी प्रत्येक मिनीला करते. काळा किंवा गडद राखाडी प्रायमर पूर्ण सुकला की जुन्या रुंद ब्रशवर थोडा पांढरा रंग घे, पेपरवर पुसून पुसून जवळजवळ कोरडा कर, आणि मिनीवर वरून खाली असा हलक्या हाताने फिरव. डोकं, खांदे, नाक, गुडघे जिथे जिथे वरचा उजेड पडेल तिथे पांढरं होतं, खालचं काळंच राहतं. आता तुला पहिल्यांदाच दिसेल की समोर नेमकं काय आहे, पट्टा कुठे, पाऊच कुठे, आणि सावली-उजेडाचं अर्धं काम दहा मिनिटांत झालेलं असतं. त्यावर पातळ पारदर्शक रंग टाकला की खालची सावली वर दिसते. त्यासाठीचे खास रंग मिळतात, गेम्स वर्कशॉपने २०१९ मध्ये कॉन्ट्रास्ट म्हणून काढले, मग आर्मी पेंटरचे स्पीडपेंट आले २०२२ मध्ये. स्पीडपेंट घेतलास तर टू पॉइंट झिरो लिहिलेलेच घे, पहिल्या व्हर्जनवर दुसरा ओला रंग लावला की खालचा परत विरघळून वर यायचा. हे रंग आपल्याकडे महाग पडतात, म्हणून सगळा सेट घेऊ नकोस, त्वचेचा एक, चामड्याचा तपकिरी एक, हिरवा एक, बास. बाकीचं साध्या ॲक्रिलिकमध्ये मॅट मीडियम (रंग पातळ करायचं बिनरंगी द्रव) आणि पाणी घालून होतं.

साध्या ॲक्रिलिकबद्दल लोक मला नेहमी विचारतात की ताई, कॅमल किंवा फेव्हिक्रिल चालेल का. माझं मत, बेसला, दगडांना, झग्याच्या मोठ्या भागांना आणि ड्रॅगनला खुशाल चालेल, चेहऱ्याला नको, कारण त्यातला रंग तेवढा बारीक दळलेला नसतो आणि पातळ केला की डाग पडतात. चेहऱ्यासाठी दोन-तीन चांगल्या बाटल्या घे आणि त्या जपून वापर. कुठलाही असो, सायीसारखा घट्ट लावायचा नाही, पातळ दुधासारखा करायचा आणि दोन हात द्यायचे. पहिला हात दिल्यावर घाणेरडं दिसतं, खालचं दिसत राहतं, तिथेच घाबरून लोक जाड रंग घेतात, मला वाटतं तुझ्या पॅलाडिनचं हेच झालंय. पहिल्या हाताला घाणेरडं दिसू दे. पाच मिनिटं दुसरी मिनी घे, मग दुसरा हात दे.

रंग प्लेटमध्ये सुकतो म्हणून पण माणूस जाड लावतो. त्यासाठी मिठाईचा प्लॅस्टिकचा डबा घे, त्यात टिश्यूपेपरच्या चार-पाच घड्या ओल्या करून पसर, वर बेकिंगचा पार्चमेंट पेपर ठेव, मेणाचा नाही, आणि त्यावर रंग काढ. झाकण लावलंस तर दुसऱ्या दिवशीही ओला असतो. तीन-चार दिवसांनी सगळं बदल, नाहीतर वास येतो.

ब्रश. तीन झिरोचा टोकदार ब्रश घेतला असशील डोळ्यांसाठी, सगळेच घेतात, आणि त्यातला रंग मिनीपर्यंत पोचेस्तोवर सुकतो. त्यापेक्षा साइज एकचा, पोट भरलेला आणि टोक सुईसारखं असलेला सिंथेटिक ब्रश घे, रंग पोटात राहतो, काम टोक करतं. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते, जुन्या दुकानांत कधी कधी मुंगसाच्या केसांचे ब्रश दाखवतात, तपकिरी-करडे पट्टे असलेले, टोक छान असतं म्हणतात, घेऊ नकोस. मुंगूस आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, ते ब्रश विकणं आणि बाळगणं दोन्ही गुन्हा आहे, आणि थोड्याशा केसांसाठी ते जनावर मारतात. दुकानदाराला तसं तोंडावर सांगितलंस तर आणखी चांगलं.

आता गॉब्लिन, आणि सुरुवात त्यांच्यापासूनच कर, पॅलाडिनपासून नाही. बारा गॉब्लिनमध्ये हात मोकळा होतो कारण एकाचं नाक बिघडलं तर कुणाला काही वाटत नाही. बाटल्यांच्या झाकणांवर डबल टेपने चिकटव, रांगेत लाव, आणि एका रात्री फक्त हिरवी कातडी, बाराच्या बारा. दुसऱ्या रात्री सगळ्यांचे चामड्याचे कपडे. तिसऱ्या रात्री हत्यारं, त्यावर चंदेरी आणि मग काळा वॉश. वॉश आपोआप खाचांमध्ये उतरतो, पण कुठे तळं साचलं तर ब्रशच्या कोरड्या टोकाने शोषून घे. चौथ्या रात्री, आणि ही रात्र चुकवू नकोस, प्रत्येकाच्या डोक्याला किंवा दंडाला वेगळ्या रंगाची पट्टी दे. लाल, पिवळी, पांढरी, निळी, चार रंग प्रत्येकी तीन, आणि एका रंगाच्या तिघांपैकी एकाच्या हातात भाला, एकाच्या तलवार, एकाच्या धनुष्य असं बसतंय का बघ. तुमचा डीएम तुला दुवा देईल. "कुठल्या गॉब्लिनला मारतोस? तो? तो नाही रे, त्याच्या मागचा" हे संपूर्ण बंद होतं, "पिवळा भालेवाला" म्हटलं की सगळ्यांची नजर तिकडे जाते, आणि कुणाचे किती हिट पॉइंट गेले ते लिहायलाही सोपं. ही मला रंगकामातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते, की एका पट्टीमुळे खेळ पळायला लागतो.

गॉब्लिन झाले की प्लेअर. इथे मात्र ब्रश उचलायच्या आधी फोन उचल. प्रत्येकाला एकच प्रश्न विचार, तुझ्या कॅरेक्टरचं असं काय आहे जे दिसलंच पाहिजे? एकच गोष्ट, दोन नाही. कुणी म्हणेल देवाचं चिन्ह, कुणी म्हणेल आईची ओढणी, कुणी म्हणेल कुत्र्याने चावलेला कान. त्या एका गोष्टीवर तुझा अर्धा तास घाल आणि बाकी सगळं मिनीवर साधं ठेव. मग प्रत्येकाला एक मुख्य रंग दे जो दुसऱ्या कुणाच्या अंगावर नाही, क्लेरिक निळी असेल तर वॉरलॉकला निळा नाही, आणि बेसची कडा त्याच रंगात रंगव. वरून, बाजूने, कुठूनही बघितलं तरी कळतं कोण कुठे आहे.

त्वचेचा रंगही विचार. आमच्यातल्या एकीने मला सांगितलं होतं की ताई, माझी क्लेरिक माझ्यासारखी सावळी कर, आणि मी बाटली उघडली तर फ्लेश लिहिलेला रंग चक्क गुलाबी. मग बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर साधारण निम्मे निम्मे घेतले, त्यात पांढऱ्याचा अगदी ठिपका, सावलीसाठी बर्न्ट अंबरमध्ये किंचित जांभळा, आणि नाकाच्या शेंड्यावर, गालाच्या हाडावर, हनुवटीवर परत तोच पहिला रंग थोडा ऑकर वाढवून. पांढरा जास्त घालायचा नाही, त्वचा राखेसारखी दिसते, उजेड ऑकरने आणायचा. ती मिनी बघून तिने हातावर ठेवली आणि आपल्या मनगटाशी धरून रंग ताडून बघितला. तुझ्या पाच जणांत कुणाला असं हवं असेल तर ते विचारल्याशिवाय कळणार नाही.

डोळे. पेणच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी सगळ्यांकडे देत नाहीत, ते काम मुरलेल्या हाताचं, आणि तो डोळा तुझ्या मिनीच्या डोळ्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. म्हणजे तुला मार्चपासून जमत नाही यात नवल काहीच नाही. माझा क्रम असा, चेहऱ्याला काहीही करायच्या आधी डोळे. दोन्ही खोबणी गडद तपकिरी रंगाने भरून टाक, कितीही बाहेर गेलं तरी चालेल. मग मळकट पांढऱ्याने, शुभ्र नाही, आडवी छोटी रेघ. मग वरून खाली एक उभी तपकिरी रेघ, ठिपका नाही रेघ, पापणीपासून खालच्या कडेपर्यंत, ठिपका दिलास की कॅरेक्टर भूत बघितल्यासारखं दिसतं. मग त्वचेच्या रंगाने खालून आणि वरून कडा साफ कर, तिथे डोळ्याला आकार येतो. दोन्ही मनगटं एकमेकांना टेकव, कोपर टेबलावर, श्वास सोडताना रेघ मार. तीनदा प्रयत्न कर, तीनदा नाही जमलं तर खोबणीत नुसती तपकिरी सावली ठेव आणि भुवई नीट काढ. तीन फुटांवरून भुवई डोळ्यापेक्षा जास्त बोलते, खरंच, करून बघ. चिडका, भोळा, लबाड, सगळं भुवईवर ठरतं.

ड्रॅगनला घाबरू नकोस, मोठी मिनी लहान मिनीपेक्षा सोपी असते. अडल्ट रेड असेल तर बेस तीन इंचांचा असेल. लाल रंग काळ्यावर नीट बसत नाही, चार हात दिले तरी मळकट, म्हणून आधी लालसर तपकिरी हात दे, मग लाल. आणि उजळ करताना लालात पांढरा घालू नकोस, गुलाबी ड्रॅगन होईल, नारिंगी घाल. खवल्यांवर गडद वॉश, मग मोठ्या कोरड्या ब्रशने नारिंगी, पोटाला ऑकर, पंखांचा पडदा बाकी अंगापेक्षा एक छटा फिकट. वेळ उरला तर तोंडाच्या आत पिवळा, कारण शेवटच्या लढाईत सगळे तिथेच बघत असणार. फटी दिसत असतील तर एम-सीलने भर, बेसवरचे दगडही त्याचेच कर. आणि सगळ्यांच्या बेसला फेव्हिकॉल लावून चहाच्या गाळणीतून चाळलेली वाळू, सुकली की तपकिरी वॉश आणि फिकट कोरडा ब्रश. हे आळस न करता कर, बेस झाला की साधी रंगवलेली मिनीसुद्धा पूर्ण वाटते.

शेवटी मॅट वार्निश ब्रशने, बाटली चांगली हलवून, दोन पातळ हात. लोक चिप्स खाल्लेल्या हातांनी उचलणार आहेत.

राहिला तुझा मित्र आणि त्याचा बार्बेरियन. ते लागलं तुला, लागणारच, मला बूच दिसतं अजून. पण तो काही बोलला नाही एवढंच झालंय, बाकीचं तू मनाने भरलंयस. कदाचित त्याला रंग आवडला नसेल. कदाचित त्याला वाटलं असेल की अर्धी मिनी परत तुझ्याकडे जाणार, तोवर काहीतरी मॅपवर हवं म्हणून दुसरी आणली. तीन वर्षांपासून तुम्ही एका टेबलावर बसताय, विचारायला हरकत काय आहे? रागाने नाही, गप्प पण राहून नाही. "त्या दिवशी तू दुसरी मिनी ठेवलीस, तुला ही आवडली नाही का, काय बदलू?" एवढंच. आवडली नसेल तर तो सांगेल काय खटकलं, आणि ते बहुतेक एखादी अशी गोष्ट असेल जी तुला माहीतच नव्हती, केसांचा रंग, अंगावरचं गोंदण, आजोबांची कुऱ्हाड जुनी गंजकी असायला हवी होती आणि तू चकचकीत केलीस. गंज करायला पाच मिनिटं लागतात, तपकिरी आणि नारिंगी स्पंजच्या तुकड्याने टिपायचं.

आणि ग्रुपवर आज लिही की उशीर झालाय, सॉरी, गॉब्लिन आधी येतील, मग तुम्ही, ड्रॅगन शेवटच्या दिवशी. कुणी मदतीला येत असेल तर बेसची वाळू आणि गॉब्लिनच्या पट्ट्या कुणालाही जमतात. डीएमला तर नक्की बोलाव, जायच्या आधी एक रविवार तुझ्याकडे येऊन त्याने स्वतःच्या हाताने चार गॉब्लिन रंगवले तर त्याला किती बरं वाटेल बघ, इतके दिवस तोच एकटा त्या गॉब्लिनचे आवाज काढतोय.

आज रात्री पॅलाडिन डेटॉलमध्ये टाक, आणि तो भिजत असताना बार्बेरियनवाल्याला फोन कर. त्याच्या चेहऱ्यावर जखमेचा व्रण आहे का, असला तर डाव्या गालावर की उजव्या, ते पण विचारून घे.